'एक झाड = वर्षाला २२ किलो'? जंगलाच्या कार्बनचा हिशेब नेमका कसा मांडायचा

बुंधा (धागाकर्ता)

जून उजाडला की फलकांवर एक आकडा हमखास झळकतो : 'एक झाड वर्षाला २२ किलो कार्बन डायऑक्साइड शोषतं.' लगेच पुढे गुणाकार. हजार झाडं, २२ टन. झाड कुठलं, वय काय, पाऊस किती, जमीन कसली, काही विचारायचं नाही. शेवग्यालाही २२ आणि वडालाही २२.

हिशेब करायची रीत खाली देतो. ज्यांना सोसायटीतली, शाळेतली किंवा देवराईतली झाडं मोजायची आहेत त्यांना टेप आणि कॅल्क्युलेटर एवढ्यावर काम भागेल.

आधी तीन वजनं वेगळी ठेवा. एक, सुका जैवभार : लाकूड भट्टीत वजन स्थिर होईपर्यंत वाळवल्यावर उरतं ते. दोन, त्यातला कार्बन : सुक्या वजनाच्या साधारण ४७ टक्के. तीन, तेवढा कार्बन मिळवायला झाडाने हवेतून घेतलेला कार्बन डायऑक्साइड : कार्बनच्या ४४/१२ पट, म्हणजे ३.६७ पट. वर्तमानपत्रांत हे तिन्ही आकडे 'कार्बन' याच नावाने छापले जातात आणि उत्तर दुप्पट-चौपट हलतं.

आता मोजणी. भारतात वनखात्याच्या पद्धतीने जमिनीपासून १.३७ मीटरवर (साडेचार फूट) बुंध्याचा घेर घेतात, जगात इतरत्र बहुधा १.३० मीटरवर. घेराला ३.१४ ने भागलं की व्यास. उंची क्लायनोमीटरने (कोनावरून उंची काढायचं साधन). लाकडाची घनता जातीनुसार तक्त्यातून. मग २०१४ मध्ये जेरोम शाव आणि सहकाऱ्यांनी उष्ण कटिबंधातल्या झाडांसाठी दिलेलं सूत्र :

जमिनीवरचा सुका जैवभार (किलो) = ०.०६७३ × (घनता × व्यास² × उंची) चा ०.९७६ वा घात

व्यास सेंटिमीटरमध्ये, उंची मीटरमध्ये, घनता ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर.

उदाहरण. साग, घेर ९४ सेंमी म्हणजे व्यास ३०, उंची १५ मीटर, घनता ०.५५. जैवभार येतो साधारण ४०४ किलो. पानझडी जंगलातल्या मुळांसाठी त्याच्या २४ टक्के, म्हणजे आणखी ९७. एकूण ५०१ किलो. कार्बन २३५ किलो. कार्बन डायऑक्साइड सुमारे ८६० किलो.

तोच साग व्यास १० आणि उंची ७ असताना : जैवभार मुळांसकट २८ किलो, कार्बन १३, कार्बन डायऑक्साइड ४८ किलो. १४.२ किलोचा घरगुती गॅस सिलिंडर जळला की साधारण ४२ किलो बाहेर पडतो. म्हणजे बीपासून पोटरीएवढं होईपर्यंतची सगळी वर्षं मिळून एका सिलिंडरची भरपाई. व्यास तिप्पट झाला की साठा मात्र अठरापट. त्यामुळे 'वर्षाला २२' हा आकडा लहान रोपाला फार मोठा आणि जोमातल्या मोठ्या झाडाला लहान पडतो.

सगळ्यात जास्त आढळणारी चूक : घेरालाच व्यास समजून सूत्रात टाकणं. उत्तर नऊपटीहून जास्त फुगतं. एका झाडाचा आकडा टनांच्या पटीत आला तर आधी हे तपासा.

सोनचाफा

उत्तम धागा. काही शंका. उतारावरच्या झाडाची साडेचार फूट उंची वरच्या बाजूने धरायची की खालच्या? बुंधा छातीच्या खालीच दुभंगला असेल तर? सावर, पिंपळ यांच्या बुडाला पडदे (पसरट आधारमुळं) असतात तिथे टेप कसा लावायचा? आणि घनता ०.५५ सागाची, ऐन, अंजनी, पांगारा यांचं काय?

बुंधा

उतारावर नेहमी वरच्या बाजूने. झाड कललं असेल तर कललेल्या बाजूने, बुंध्याच्या लांबीने १.३७ मोजा, आणि टेप बुंध्याला काटकोनात धरा.

१.३७ च्या खाली दुभंगलं असेल तर प्रत्येक फांदा वेगळा बुंधा धरून मोजा आणि प्रत्येकाचा जैवभार काढून मग बेरीज करा. घेरांची बेरीज करून एकदाच सूत्रात घालू नका. व्यासाचा वर्ग होतो, त्यामुळे ३० चे दोन बुंधे त्याच उंचीच्या ६० च्या एका बुंध्याच्या साधारण निम्मेच भरतात.

पडदे असतील तर ते संपतात तिथून ३० ते ५० सेंमी वर मोजा आणि ती उंची वहीत लिहा. न लिहिल्यास पुढच्या वेळी दुसरा माणूस दुसऱ्या जागी टेप लावेल आणि झाड 'बारीक' होईल.

घनतेबद्दल : पांगारा, सावर ०.३ च्या आसपास, आंबा ०.५ ते ०.५५, साग ०.५५ ते ०.६, ऐन ०.७ च्या वर, खैर ०.८ च्या वर, अंजनीही जड लाकडांतली. एकाच घेराचा आणि उंचीचा पांगारा आणि खैर घ्या, खैरात अडीचपटीहून जास्त कार्बन निघेल. भराभर वाढणाऱ्या झाडाचं कौतुक करताना हे विसरलं जातं.

एक खाच : सुतारकामाच्या तक्त्यातली घनता हवेत वाळलेल्या लाकडाची असते, त्यात १२ टक्क्यांच्या आसपास पाणी धरलेलं असतं. आपल्याला हवी ती भट्टीत सुकवलेलं वजन भागिले ओल्या लाकडाचं आकारमान, अशी. ती नेहमी कमी भरते.

जंगल मोठं असेल तर सगळी झाडं मोजत बसू नका. ३१.६२ मीटर बाजूचा चौकोन म्हणजे बरोबर ०.१ हेक्टर. असे चौकोन विखरून घ्या. सपाट नकाशावरचं अंतर धरायचं असतं, म्हणून २० अंशांच्या उतारावर टेप उतारालगत ३३.६५ मीटर ओढावा लागतो. नाहीतर क्षेत्र कमी घेतलं जातं आणि ते ०.१ हेक्टरच समजल्याने हेक्टरी आकडा पडतो.

वाळवी

झाडाचा हिशेब झाला, आता पृथ्वीचा. तो कळल्याशिवाय 'शोषतं' या शब्दाने सगळ्यांची फसगत होत राहणार.

हवेत आज साधारण ८८० अब्ज टन कार्बन आहे. जमिनीवरच्या वनस्पतींत ४५० च्या आसपास, मातीत १,७०० च्या आसपास, आणि कायम गोठलेल्या उत्तरेकडच्या जमिनीत आणखी हजाराच्या वर. वनस्पती वर्षाला १२० ते १३० अब्ज टन कार्बन हवेतून ओढतात. साधारण निम्मा त्या स्वतःच श्वसनात परत सोडतात. उरलेला पानं, मुळं, खोड, फळं यांत जातो आणि त्यातला जवळपास सगळा बुरशी, जिवाणू, गुरं, आम्ही वाळव्या, माणसं आणि वणवे मिळून परत करतात. शिल्लक राहते वर्षाला ३ अब्ज टनांच्या आसपास.

माणसाची बाजू : २०१४ ते २०२३ या दशकात कोळसा, तेल, वायू आणि सिमेंट यांतून वर्षाला सरासरी ९.७ अब्ज टन, जंगलतोड वगैरे जमीनवापरातून १.१. यातले ५.२ हवेत साठले, २.९ समुद्राने घेतले, ३.२ जमिनीवरच्या हिरवाईने आणि मातीने. बेरीज केलीत तर जमा-खर्च ०.५ च्या आसपास चुकलेला दिसेल. ती छपाईची चूक नाही. प्रत्येक आकड्यात अनिश्चितता आहे आणि हिशेब मांडणारे ती फट उघड दाखवतात.

१२५ आत, १२२ बाहेर. जंगल हे तिजोरीपेक्षा बाजारपेठेसारखं आहे : उलाढाल प्रचंड, शिल्लक बारीक. उलाढालीत दोन टक्क्यांचा फरक पडला की सगळी शिल्लक गायब. २०१५-१६ च्या एल निनोत नेमकं तसं झालं. ॲमेझॉनमध्ये दुष्काळ, आफ्रिकेत उष्णतेने वाढलेलं श्वसन, इंडोनेशियात पीटचे (दलदलीतल्या जाड कुजक्या थराचे) वणवे. उष्ण कटिबंधातल्या जमिनीने २०११ च्या तुलनेत अडीच अब्ज टन जास्त कार्बन हवेत सोडला आणि हवेतली वाढ वर्षाला ३ पीपीएमच्या (हवेच्या दर दहा लाख रेणूंत कार्बन डायऑक्साइडचे किती, ते माप) घरात गेली. १ पीपीएम म्हणजे २.१२ अब्ज टन कार्बन, हे रूपांतर पाठच करून ठेवा.

जंगलांचा हा श्वास डोळ्यांनी पाहायचा तर मौना लोआचा आलेख बघा. चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी मार्च १९५८ मध्ये हवाईला मोजणी सुरू केली, तेव्हा ३१५ पीपीएमच्या आसपास होतं, आता ४२० च्या पुढे. या चढत्या रेषेवर दर वर्षी करवतीचा दात दिसतो : मे महिन्यात शिखर, सप्टेंबर-ऑक्टोबरात तळ, फरक ६-७ पीपीएम. उत्तर गोलार्धातली जंगलं उन्हाळ्यात पालवतात आणि हिवाळ्यात कुजवतात, त्याची ती सही. दक्षिण ध्रुवावर हाच दात जेमतेम १ पीपीएमचा, कारण तिकडे जमीनच कमी.

आपल्याजवळचं उदाहरणही आहे. गोव्यात काब द राम इथे १९९३ पासून काही वर्षं कुप्यांत हवा भरून तपासली गेली. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यात तिथे समुद्रावरची, दक्षिण गोलार्धाकडून आलेली हवा असते, आणि हिवाळ्यात वारा फिरला की देशावरची. एकाच कड्यावर उभं राहून दोन वेगळ्या हवा. म्हणून आपल्या किनाऱ्यावरच्या आकड्यात झाडांचा वाटा किती आणि वाऱ्याचा किती हे वेगळं काढणं मौना लोआपेक्षा किचकट आहे.

चिकित्सक_चिंच

जमिनीचे ३.२ कोणी मोजले? अब्जावधी झाडांना टेप लावला नसणार.

वाळवी

रास्त प्रश्न. थेट मोजलेले नाहीत. वनस्पतींच्या गणिती प्रारूपांतून येतात, पण त्यांना दोन-तीन बाजूंनी टेकू आहेत. त्यातला ऑक्सिजनचा सगळ्यात देखणा. इंधन जळताना ऑक्सिजन खातं. झाड वाढताना ऑक्सिजन सोडतं. समुद्रात कार्बन डायऑक्साइड नुसता विरघळतो, त्यात ऑक्सिजनची देवघेव नाही. म्हणून हवेतल्या ऑक्सिजनची घट इंधनाच्या हिशेबापेक्षा जितकी कमी भरते, तितकं काम जमिनीवरच्या हिरवाईने केलं. हे मोजमाप राल्फ कीलिंग यांनी उभं केलं, चार्ल्स यांचेच चिरंजीव.

दुसरा टेकू समस्थानिकांचा, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड अणूंचा. प्रकाशसंश्लेषण हलका कार्बन-१२ पसंत करतं, समुद्र असा भेद फारसा करत नाही. हवेतलं कार्बन-१३ चं प्रमाण बघून कोणी किती उचललं ते ताडता येतं.

जाता जाता : 'ॲमेझॉन जगाला २० टक्के ऑक्सिजन देतं' हे वाक्य कृपया पुन्हा कुठे चिकटवू नका. जेवढा देतं जवळपास तेवढा तिथलीच कुजण खाते. ॲमेझॉन महत्त्वाचं आहे ते त्यातल्या साठ्यामुळे आणि ते पाऊस फिरवतं म्हणून. आणि २०१० ते २०१८ या काळात विमानातून घेतलेल्या नमुन्यांवरून लुसियाना गाट्टी यांच्या गटाने २०२१ मध्ये दाखवलं की त्याचा आग्नेय भाग आता घेतो त्यापेक्षा जास्त सोडतो.

ऊसकरी

हेक्टरी १०० टन ऊस निघतो. ७० टक्के पाणी वजा केलं तरी ३० टन सुकं, म्हणजे १४ टन कार्बन दर वर्षी. कुठलं जंगल एवढं ओढतं? मग ऊसवाल्यांना का झोडपता?

बुंधा

आकडा बरोबर आहे, ओढण्याचा. ऊस, ज्वारी, मका ही सी-४ पिकं (प्रकाशसंश्लेषणाची वेगळी रीत असलेली) भर उन्हात भात-गहू किंवा झाडांपेक्षा कार्यक्षम. पण वाळवी यांची 'शिल्लक' आठवा. साखर खाल्ली की काही दिवसांत उच्छ्वासातून हवेत. बगॅस (रस काढल्यावरचं चिपाड) बॉयलरमध्ये. पाचट पेटवलं तर त्याच दुपारी. वर्षअखेरीला साठा शून्याच्या जवळ. बगॅसने कोळशाची वीज वाचवली तर तो फायदा खरा, पण तो ऊर्जेच्या खात्यात लिहायचा, साठ्याच्या नाही. पाचट कुजवून जमिनीत घातलं तर त्यातला थोडा वाटा काही वर्षं टिकतो.

२०१९ मध्ये उपग्रहांच्या आधारे 'भारत आणि चीन जग हिरवं करताहेत' अशी बातमी गाजली, तिच्यात हाच सापळा होता. भारतातल्या त्या वाढीव हिरवाईचा ८२ टक्के वाटा शेतीचा, जंगलांचा ४.४ टक्के. पान जास्त दिसलं म्हणजे कार्बन साठला असं नव्हे.

काळी_माती

इतकी चर्चा झाली आणि मातीला वाळवींनी एका ओळीत उरकलं. भारताच्या २०२३ च्या वनस्थिती अहवालात जंगलांतला कार्बनसाठा ७२८ कोटी टन दिला आहे आणि त्यातला निम्म्याहून जास्त मातीतला सेंद्रिय कार्बन आहे. झाडाचा बुंधा मिठी मारता येतो म्हणून फोटोत येतो, एवढंच.

सूत्र सोपं आहे :

हेक्टरी टन = सेंद्रिय कार्बन टक्के × स्थूल घनता × खोली सेंमीमध्ये

१.२ टक्के, घनता १.३, खोली ३० : ४६.८ टन. आता यात काय बिघडतं ते ऐका, कारण अहवाल इथेच कोसळतात.

प्रयोगशाळेने दिलेला आकडा 'सेंद्रिय पदार्थ' आहे की 'सेंद्रिय कार्बन'? पदार्थाला १.७२४ ने भागलं की कार्बन. जुन्या माती-पत्रिकांवर दोन्ही सापडतात.

वॉकली-ब्लॅक या प्रयोगशाळेतल्या जुन्या पद्धतीत डायक्रोमेट हे रसायन सगळा कार्बन जाळत नाही, साधारण ७७ टक्के पकडतं. म्हणून १.३ चा गुणक लावतात. लावला आहे की नाही ते विचारा, दोनदा लावला गेलेलाही दिसतो.

नव्या यंत्रात माती जाळून एकूण कार्बन मोजतात. आपल्या काळ्या जमिनीत चुनखडी असते. तिच्यातला कार्बनही मोजला जातो आणि माळरान एकदम रानाएवढं श्रीमंत दिसतं. नमुना आधी आम्लाने धुवावा लागतो. सौम्य हायड्रोक्लोरिकचे दोन थेंब टाकून फसफसलं तर समजा की चुना आहे.

स्थूल घनता : धातूची नळी ठोकून ठरावीक घनफळाचा गाभा काढायचा, १०५ अंशांवर वाळवायचा, वजन करायचं. काळी माती ओली असताना फुगते, वाळली की आक्रसते आणि भेगाळते. मे महिन्यातली घनता आणि ऑगस्टमधली घनता वेगळी. दोन मोजण्यांत ऋतू बदलला तर फरक कार्बनचा नाही, पाण्याचा असतो. जांभ्यावर उलटी गत : निम्मा गाभा खडे. ते २ मिमीच्या चाळणीने वेगळे काढून वजा केले नाहीत तर दगडालाही कार्बनवान ठरवाल.

आणि नमुना घेताना वरचा पालापाचोळा बाजूला करा, पण फेकू नका. ५० सेंमीच्या चौकटीतला पाचोळा पिशवीत भरा, वाळवा, तोलून वेगळ्या रकान्यात लिहा.

माळढोक

या धाग्यात हे लिहायलाच हवं. सोलापूर, नगर, सासवडकडची माळरानं सरकारी कागदावर बऱ्याचदा 'पडीक' म्हणून येतात आणि वृक्षारोपणाच्या मोहिमेत पहिला खड्डा तिथेच पडतो. ते उजाड जंगल नव्हे, मुळातच गवताळ परिसंस्था आहे. कार्बन खाली, मुळांत आणि मातीत. दोन फूट चर जेसीबीने खणले की माती उलटी होते, आतला सेंद्रिय भाग हवेला उघडा पडतो आणि जिवाणू त्याचा फडशा पाडतात. म्हणजे रोप लावण्याआधीच खातं उणे. मग ४००-५०० मिलिमीटर पावसात ग्लिरिसिडिया किंवा सुबाभूळ. त्यातलं किती जगतं हे तिसऱ्या उन्हाळ्यानंतर बघावं, पहिल्या पावसाळ्यात नाही. गवत गेलं की लांडगा, धाविक, चंडोल गेले, आणि मेंढपाळही.

चिकित्सक_चिंच

म्हणजे झाडं लावूच नयेत?

माळढोक

जिथे झाडं होती तिथे लावा. त्याहून स्वस्त : जिथे खोडं अजून जिवंत आहेत तिथे कुऱ्हाड आणि चराई काही वर्षं थांबवा. ऐन, किंजळ, जांभूळ बुडख्यातून फुटतात. जुनं मूळ आधीच खोल असतं, त्यामुळे फुटवा नव्या रोपाला सहज मागे टाकतो. एका बुडख्याला दहा फुटवे आले तर दोन-तीन सरळ ठेवून बाकीचे काढा, दुसऱ्या हिवाळ्यात.

ठोकळा

एक ऐकीव युक्तिवाद मांडतो, मत माझं नाही. 'म्हातारं जंगल घेतं तितकं सोडतं, म्हणून ते तोडून फर्निचर करावं, कार्बन लाकडात बंद राहील, आणि जागी नवी झाडं लावावीत.' यात चूक कुठे?

बुंधा

तीन ठिकाणी.

तोडलेल्या झाडाचं सगळं फर्निचर होत नाही. मुळं जमिनीत कुजतात, फांद्या सरपणाला, पानं महिन्यांत. ओंडका गिरणीत गेल्यावर साल, बाह्यकाष्ठ, भुसा जाऊन साधारण निम्मं लाकूड कामाचं उरतं. वरच्या सागात ५०१ किलोतले शे-दीडशे किलो टेबलात पोचले तर पुष्कळ. बाकीचं हवेकडे निघालं.

दुसरं, परतफेडीचा काळ. त्या सागाचे ८६० किलो फेडायला दहा सेंमी व्यासाचे अठरा साग हवेत. ते तेवढे होईपर्यंत गेलेला कार्बन हवेत बसून ऊब देत असतो.

तिसरं, 'म्हातारं जंगल घेत नाही' हेही सरसकट खरं नाही. २००८ मध्ये जगभरच्या जुन्या जंगलांचे आकडे एकत्र केले तेव्हा बरीच जंगलं शतकानुशतकांनंतरही थोडं थोडं साठवताना आढळली, मातीत आणि पडलेल्या लाकडात. आणि नाहीच घेतलं तरी मुद्दा साठ्याचा आहे. बँकेत व्याज थांबलं म्हणून मुद्दल जाळत नाहीत.

धुकं

मोजणीचा आणखी एक मार्ग राहिला : मनोरा. जंगलाच्या माथ्याच्या वर मनोरा उभारून त्यावर ध्वनीवर चालणारा वातमापक आणि वायुविश्लेषक बसवतात. दोन्ही सेकंदाला दहा-वीस वेळा नोंद घेतात. वर जाणाऱ्या आणि खाली येणाऱ्या भोवऱ्यांत कार्बन डायऑक्साइड किती, यातल्या फरकावरून अर्ध्या तासाची निव्वळ देवघेव निघते.

पुण्याच्या आयआयटीएम या हवामानसंस्थेने असा मनोरा काझीरंगाच्या जंगलात चालवला आहे. तिथे शोषण सगळ्यात जोरात दिसलं ते पावसाळ्याआधीच्या महिन्यांत. ऐन पावसाळ्यात पाणी भरपूर, पण ढगांनी ऊन अडवलं म्हणून शोषण उतरलं. 'पाऊस जास्त, म्हणजे शोषण जास्त' हे समीकरण ओल्या जंगलांना जसंच्या तसं लागत नाही.

मनोऱ्याची दुखरी नस म्हणजे रात्र. वारा पडला की भोवरे थांबतात, मातीतून निघालेला कार्बन डायऑक्साइड मनोऱ्याच्या टोकापर्यंत पोचतच नाही आणि यंत्राला वाटतं जंगल श्वासच घेत नाही. उतारावर आणखी वाईट : थंड जड हवा ओहोळासारखी दरीत उतरते आणि कार्बन बरोबर नेते. सह्याद्रीच्या कड्यावर मनोरा लावून आलेला आकडा म्हणूनच जपून वाचावा. शांत रात्रींच्या नोंदी गाळून, वाऱ्याच्या रात्रींवरून त्या भरून काढतात. किती वाऱ्याखालच्या गाळायच्या यावर वर्षाची शिल्लक बदलते.

अजून एक. 'हवेत कार्बन वाढला की झाडं जोमाने वाढतील' हे अर्धसत्य. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळच्या प्रौढ निलगिरीच्या जंगलात नळ्यांनी १५० पीपीएम जादा कार्बन डायऑक्साइड सोडून पाहिला. प्रकाशसंश्लेषण १२ टक्क्यांनी वाढलं, पण खोडं जाड झाली नाहीत. जमिनीत फॉस्फरस तुटपुंजा. जादा साखर मुळांतून मातीत गेली आणि जिवाणूंनी श्वसनात उडवली. आपल्या जांभ्याच्या जमिनीही फॉस्फरस घट्ट धरून बसतात, तेव्हा कोकणातल्या जंगलाकडून फार आशा धरताना हे लक्षात असू द्यावं.

खाजणकर

कांदळवनाबद्दल दोन ओळी. हिंद-प्रशांत भागातल्या खारफुटीत हेक्टरी सुमारे १,००० टन कार्बन असतो, हा २०११ चा आकडा कोकणच्या प्रत्येक खाडीला चिकटवला जातो. तो मीटर-मीटर खोल सेंद्रिय गाळ असलेल्या जागांची सरासरी आहे. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी गाळाखाली लवकर खडक लागतो. आधी सळई खुपसून खोली बघा. आणि मुळांचं वरचं २४ टक्के प्रमाण इथे वापरू नका, खारफुटीत जमिनीखालचा वाटा बराच मोठा असतो.

आमराई

कलमी आंब्याच्या बागेवर कार्बन क्रेडिट मिळतं म्हणतात. हेक्टरी किती धरावं? बांबूचं काय?

बुंधा

एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड. १० बाय १० मीटरवर हेक्टरी १०० कलमं. व्यास २० सेंमी, उंची ७ मीटर, घनता ०.५५ धरली तर झाडामागे १८६ किलो कार्बन डायऑक्साइड, हेक्टरी १८.६ टन. हे व्हायला दहा वर्षं लागली तर वर्षाला दोनाहून कमी क्रेडिट. त्यातून जोखमीची राखीव कपात, तपासणीचा खर्च आणि मधल्यांचा वाटा वजा. शिवाय सूत्र जंगलातल्या उभ्या झाडांचं आहे. कलम बुटकं, खाली फांद्या फुटलेलं आणि छाटलेलं. त्याला ते बहुधा जास्त दाखवतं.

करारात तीन गोष्टी वाचा : मुदत किती वर्षांची, वादळात झाड पडलं तर भरपाई कोणाची, आणि बाग आधीपासून असेल तर ती धरतात का. 'प्रकल्पामुळे जादा काय झालं' एवढंच मोजलं जातं. बागेसाठी गुरं शेजारच्या रानात हाकलली तर तिथलं नुकसानही वजा व्हायला हवं.

बांबूला वरचं सूत्र अजिबात नको. तो पोकळ, आणि एक काठी पहिल्या वर्षात पूर्ण जाडीची होते, नंतर व्यास वाढत नाही. बेटातल्या काठ्या वयाप्रमाणे मोजा, प्रत्येक वयाची एकेक तोडून तोला. बेट भरलं की नवी काठी येते तितकी जुनी वाळते किंवा तोडली जाते, मग साठा तिथेच थांबतो. जाहिरातीत पहिल्या वर्षांचा वेग पुढची तीस वर्षं गुणलेला असतो.

वाळवी

वणव्याचं राहिलं. फेब्रुवारी ते मे सह्याद्रीच्या उतारांवर जे जळतं ते मुख्यतः वाळलं गवत. त्यातला कार्बन पुढच्या पावसात कुजून तसाही जाणार होता, आणि नव्या गवताने परतही येणार. खरं नुकसान धुरात नाही : गुडघ्याएवढी रोपं मरतात आणि जंगलाची पुढची पिढी कापली जाते. हे दर वर्षी झालं की वीस वर्षांनी तिथे फक्त गवत. याउलट २०२३ मध्ये कॅनडात जळाली ती शतकांची लाकडं आणि जमिनीवरचा जाड कुजका थर. एका हंगामात साधारण ६५ कोटी टन कार्बन गेला. दोन्हीला आपण 'वणवा' म्हणतो, हिशेब मात्र वेगळे.

सोनचाफा

शेवटची शंका. झाडं दर वर्षी मोजावीत का?

बुंधा

नको. ३० सेंमीचा साग वर्षाला अर्धा सेंमी व्यासाने वाढला तर घेरात फरक दीड सेंमीचा. टेप चार बोटं वर-खाली लागला किंवा तिरका धरला तरी तेवढाच फरक पडतो. सालीचा पोपडा सुटला तर घेर घटतोही. तीन ते पाच वर्षांनी मोजा, त्याच महिन्यात. पावसाळ्यात साल फुगलेली असते.

मोजणीच्या जागी तैलरंगाचा पट्टा ओढा. क्रमांकाचा पत्रा ॲल्युमिनियमच्या खिळ्याने लावा, पण मोजणीच्या रेषेवर नको, एक वीतभर वर. खिळ्याभोवती झाड गाठ धरतं आणि ती गाठ घेरात मोजली जाते. खिळा अर्धाच ठोका, नाहीतर पाच वर्षांत झाड पत्रा गिळून टाकतं. मेलेल्या झाडाचा क्रमांक नव्या झाडाला देऊ नका, आणि मेलेली झाडं यादीतून खोडू नका : ती उभी असतील तोवर कार्बन त्यांच्यातच आहे, फक्त रकाना बदलतो.